मेचनिकॉव्हचा काटा

इंजिनिअरिंग कॉलेजच्या मासिकात एका प्राणिशास्त्रज्ञाचं चरित्र कशाला, असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने विचारलंच. तिचंही बरोबर आहे म्हणा. सेल म्हटलं की आपल्याला बॅटरी आठवते, फार तर दिवाळीआधीचा कपड्यांचा सेल! सजीवांची पेशी आपण बारावीनंतर (काहींनी दहावीनंतरच) बायोलॉजीच्या वहीबरोबर रद्दीत घातली.

पण झालं असं, की मी मेकॅनिकलची आणि पाचव्या सेमिस्टरला डिझेलच्या धुरावर सेमिनार घेतला. तयारी करताना जिथे बघावं तिथे आकडे. गाडीने एका किलोमीटरला किती मिलिग्रॅम काजळी सोडायची, याचे आकडे. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-सिक्समध्ये तर काजळीचे कण मोजायचेही आले. डिझेल कारला किलोमीटरमागे ६०० अब्ज कणांची मर्यादा आहे. म्हणजे ६०,००० कोटी! एवढे चालतात, त्याच्या वर नको. हे वाचल्यावर मला पुढचे तक्ते सोडून एकच प्रश्न पडला. हे जे कण कायदेशीररीत्या बाहेर पडतात, ते माझ्या छातीत गेल्यावर नक्की करतात काय? आणि कोणाला करतात? उत्तर शोधत गेले तर एक पेशी सापडली, आणि पेशीच्या मागे एक माणूस. काजळीपेक्षा तो माणूसच मला जास्त आवडला.

त्याचं नाव इल्या मेचनिकॉव्ह. (न्यूटनला आपण जसं बिनधास्त अरे-तुरे करतो तसंच यालाही करणार आहे, राग नसावा.) जन्म १८४५ चा, खारकोव्ह शहराजवळच्या एका खेड्यातला. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. वडील झारच्या गार्ड पलटणीतले अधिकारी, आई ज्यू घराण्यातली. पाच भावंडांत हा शेंडेफळ. लहानपणापासून किडे-पाला गोळा करायचं वेड. खारकोव्ह विद्यापीठातला चार वर्षांचा अभ्यासक्रम पठ्ठ्याने दोन वर्षांत संपवला. केटीच्या छायेत जगणाऱ्या आपण यावर काही न बोललेलं बरं.

मग जर्मनी झालं, इटलीतलं नेपल्स झालं. तिथे कोव्हालेव्हस्की नावाच्या मित्राबरोबर त्याने समुद्रातल्या बारीक जीवांचे गर्भ कसे वाढतात ते पाहिलं आणि १८६७ साली दोघांना मिळून मोठं बक्षीस मिळालं. वय फक्त बावीस. पुढे ओडेसा आणि सेंट पीटर्सबर्गला शिकवणं. सूक्ष्मदर्शकात तासन् तास डोळे घालून त्याला डोळ्यांचा त्रासही लागला होता.

इथपर्यंत हुशार मुलाची गोष्ट, कुठल्याही चरित्रात असते तशी. यानंतरचं मात्र सरळ नाही. १८६९ मध्ये त्याने ल्युडमिलाशी लग्न केलं. ती क्षयाने इतकी खंगलेली होती की लग्नासाठी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. चार वर्षं तो तिला ऊब असलेल्या प्रदेशांतून फिरवत राहिला. १८७३ मध्ये मादेरा बेटावर ती गेली. त्यानंतर त्याने स्वतःचं आयुष्य संपवण्याचा प्रयत्न केला. वाचला. दोन वर्षांनी ओल्गाशी लग्न झालं. १८८० मध्ये तिला टायफॉइड झाला, ती मरता मरता वाचली. आणि १८८१ मध्ये खचलेल्या मेचनिकॉव्हने उलटून येणाऱ्या तापाच्या रोग्याचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. मरायचंच असेल तर निदान हा ताप रक्तातून पसरतो का हे तरी कळेल, असा हिशोब! भयंकर आजारी पडला, आणि पुन्हा वाचला. शास्त्रज्ञांच्या चरित्रांत हा भाग बहुतेक वेळा एका ओळीत उरकतात. मला वाटतं, तो सांगायला हवा. होस्टेलच्या भिंतींना हे सगळं माहीत असतं, आपणच बोलत नाही.

त्याच वर्षी झार दुसऱ्या अलेक्झांडरची हत्या झाली, विद्यापीठात राजकारण तापलं आणि १८८२ मध्ये मेचनिकॉव्हने ओडेसाच्या नोकरीचा राजीनामा दिला. ओल्गाचे आईवडील वारले होते, तिच्या धाकट्या भावंडांची जबाबदारी या दोघांवर होती. सगळं बिऱ्हाड घेऊन तो सिसिली बेटावरच्या मेसिनाला आला. ना पद, ना लॅब. समुद्राकाठच्या घरातल्या दिवाणखान्यात सूक्ष्मदर्शक मांडला आणि काम सुरू केलं.

डिसेंबर १८८२. घरची मंडळी सर्कशीतली शिकवलेली माकडं बघायला गेलेली. हा घरी एकटाच, ताऱ्यासारख्या स्टारफिश माशाची अळी बघत बसलेला. ही अळी काचेसारखी पारदर्शक असते. पोटात काय चाललंय ते कापाकापी न करता दिसतं. तिच्या अंगात काही पेशी इकडून तिकडे भटकत होत्या. अशा भटक्या पेशी कार्माइन या लाल रंगाचे कण गिळतात, हे त्याला आधीच्या कामातून माहीत होतं. सगळ्यांना वाटे की हे त्यांचं जेवण. त्या संध्याकाळी त्याला पहिल्यांदा वाटलं, की हे जेवण नसेल, पहारा असेल तर? बाहेरून काही घुसलं की या पेशी धावून जात असतील तर?

विचार खरा की खोटा हे तपासण्याची त्याची पद्धत मला फार आवडते. घरामागच्या बागेतून त्याने गुलाबाचे काटे तोडून आणले. त्याच बागेत मुलांसाठी संत्र्याच्या छोट्या झाडाला नाताळचं झाड म्हणून सजवलं होतं. काटे अळीच्या कातडीखाली खुपसले. रात्रभर झोप नाही. सकाळी बघतो तर काट्याभोवती त्या भटक्या पेशींनी गराडा घातलेला! आपल्या बोटात कुसळ गेल्यावर भोवती पू धरतो, तोच प्रकार. फरक एवढाच, की अळीत रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतूंचा गुंता नाही, म्हणजे हे काम पेशींचं स्वतःचं आहे. उपकरणांचा खर्च विचाराल तर शून्य. आपल्या प्रोजेक्टची बजेटं आठवून घ्या.

तेव्हाचे डॉक्टर नेमकं उलट मानत. पांढऱ्या पेशींच्या पोटात जंतू दिसत, त्यावरून त्यांनी ठरवलं होतं की या पेशी जंतूंना पाठीवर घेऊन शरीरभर पसरवतात. थोर पॅथॉलॉजिस्ट विरखॉव्ह १८८३ मध्ये मेसिनाला आला होता. त्याने हे प्रयोग पाहून उत्तेजन दिलं, पण जपून बोल असाही सल्ला दिला. व्हिएन्नात क्लाउस या प्राध्यापकाने या पेशींना ग्रीक नाव सुचवलं, फॅगोसाइट. मराठीत भक्षक पेशी. त्यांच्यातल्या मोठ्या पेशींना पुढे मेचनिकॉव्हने मॅक्रोफेज म्हटलं. माझ्या सेमिनारमध्ये जी पेशी येऊन उभी राहिली ती हीच.

काट्यानंतर त्याने डाफ्निया, म्हणजे डबक्यातली पाण्याची पिसू घेतली. तीही पारदर्शक. तिला सुईसारख्या बीजाणूंच्या बुरशीचा रोग होतो. भक्षक पेशींनी सुया वेळेत गिळल्या तर पिसू जगते, नाही तर मरते. १८८४ मध्ये हे छापून आलं आणि भांडणाला तोंड फुटलं. एक बाजू म्हणे पेशी लढतात, दुसरी, मुख्यतः जर्मन, म्हणे रक्तातला द्रव लढतो. १८९० मध्ये बेहरिंग आणि कितासातो यांनी रक्तद्रवातली प्रतिविषं दाखवली तेव्हा मेचनिकॉव्हची बाजू बुडाली असंच वाटलं. त्याने माघार घेतली नाही. वर्षानुवर्षं एकेक आक्षेप घ्यायचा, त्यावर प्रयोग करायचा, छापायचा. १९०८ चं नोबेल त्याला आणि द्रव-पक्षाच्या पॉल एर्लिखला वाटून दिलं गेलं. दोघेही बरोबर होते, हे आज आपल्याला माहीत आहे.

मध्ये ओडेसाचं एक प्रकरण झालं. १८८६ मध्ये तिथल्या नव्या जंतुशास्त्र केंद्राचा तो प्रमुख झाला. पण तो डॉक्टर नव्हता, म्हणून स्थानिक डॉक्टर नाराज. त्यात अँथ्रॅक्सची लस टोचलेल्या हजारो मेंढ्या मेल्या. तो तेव्हा गावात नव्हता, पण व्हायचं ते झालं. १८८८ मध्ये तो पॅरिसला पाश्चरकडे गेला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. त्याच्यामागोमाग त्याचा ओडेसाचा एक विद्यार्थीही पाश्चर संस्थेत आला, सुरुवातीला ग्रंथालयातल्या कामावर. त्याचं नाव वॉल्डेमार हाफकिन. हो, तोच! १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा ज्याने इथे लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या हाफकिन संस्थेवरून बस जाते तेव्हा आता मला तिचे आजोबा-गुरू मेसिनाच्या बागेत काटे तोडताना दिसतात.

पॅरिसच्या त्याच्या प्रयोगशाळेत फुप्फुसावरही काम झालं. फुप्फुसाच्या वायुकोशांत काळे ठिपके पोटात घेतलेल्या पेशी डॉक्टरांना माहीत होत्या, धूळपेशी म्हणत त्यांना. चिस्तोविच याने १८८९ मध्ये पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात फुप्फुसातल्या भक्षणावर निबंध लिहिला. इथून माझ्या काजळीचा रस्ता सुरू होतो.

आपलं केस ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. (मराठीच्या बाई म्हणतील, आपला केस. बरं, आपला केस.) मोठी धूळ नाकात, घशात अडकते. श्वासनळ्यांत चिकट थर असतो आणि त्याखाली हलणाऱ्या बारीक केसांचा सरकता जिना, तो घाण वर घशाकडे ढकलतो. पण अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण थेट वायुकोशांपर्यंत पोचतात आणि तिथे जिना नाही. तिथे झाडूवाली एकच, मॅक्रोफेज. ती कण गिळते आणि जमेल तसा जिन्यापर्यंत नेते. जंतू असेल तर पचवते. काजळी, दगडाची भुकटी, हे कसं पचवायचं?

इथे माणसाची पंचाईत होते. माणूस पारदर्शक नाही! जिवंत माणसाच्या वायुकोशात काय चाललंय ते काचेतून बघता येत नाही, आणि त्याला मुद्दाम घाण हवा पाजून बघणंही बरं नाही. म्हणून पेशीच बाहेर काढून प्लास्टिकच्या बशीत वाढवतात. मेचनिकॉव्हने पारदर्शक अळी शोधली, तसंच हे.

१९६६ मध्ये ॲलिसन, हॅरिंग्टन आणि बर्बेक यांनी बशीतल्या मॅक्रोफेजना सिलिका, म्हणजे क्वार्ट्झची भुकटी दिली. पेशींनी ती नेहमीप्रमाणे गिळली. पेशीच्या आत पाचक रसाची पिशवी असते, लायसोसोम. सिलिकाने ती आतूनच फोडली, रस सांडला आणि पेशी मेली. सिलिका जशीच्या तशी मोकळी, म्हणजे पुढच्या पेशीने गिळायला तयार. दगडखाणीतल्या कामगारांची फुप्फुसं कामावरून निघाल्यानंतरही का खराब होत राहतात, हे या बशीत बघून समजू लागलं. ॲसबेस्टॉसचं वेगळंच. वीस मायक्रॉनपेक्षा लांब तंतू पेशीपेक्षाही मोठा पडतो, अर्धा तोंडात अर्धा बाहेर, आणि तोंड मिटत नाही म्हणून पेशीतली रसायनं भोवतीच्या निरोगी भागावर गळत राहतात. २००८ मध्ये दोन्हींमागची पेशीतली धोक्याची घंटाही सापडली, तिला इन्फ्लॅमासोम म्हणतात.

डिझेलची काजळी पेशीला लगेच मारतेच असं नाही. तिचा गाभा कार्बनचा, पण पृष्ठभागावर न जळलेली सेंद्रिय रसायनं आणि धातूंचे अंश चिकटलेले असतात. त्यांच्यामुळे पेशीत ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार होतात. पेशी मदतीसाठी रासायनिक हाका मारते, इतर पांढऱ्या पेशी धावून येतात आणि दाह सुरू होतो. जंतू असता तर तो मेला असता आणि दाह थांबला असता. काजळी मरत नाही, आणि उद्या सकाळी पुन्हा तेवढीच येते. म्हणजे आपल्याला आजारी पाडणाऱ्या भांडणात धूळ फक्त येऊन पडते, हात उगारते ती आपलीच राखणदार पेशी.

ही तपासणी करतात कशी? पंपाने हवा ओढून धूळ फिल्टरवर गोळा करायची, द्रवात सोडवून घ्यायची, आणि ९६ खळग्यांच्या थाळीत पेशींवर वेगवेगळ्या प्रमाणात घालायची. साधारण २४ तासांनी एक पिवळं द्रव्य टाकतात. जिवंत पेशी त्याला जांभळं करतात, जितकं गडद तितक्या जिवंत. फुटलेल्या पेशींतून गळालेलं एन्झाइम मोजतात, हाकांची रसायनं मोजतात. वाचताना मला आपली स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सची लॅब आठवली. लोड वाढवत जायचा आणि नमुना कुठे वाकतो, कुठे तुटतो ते लिहायचं.

याचा उपयोग काय, तर कायदा धुळीचं वजन करतो. आपल्याकडे २००९ पासून पीएम २.५ चं वार्षिक मानक घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेलं ५. पण वजनावरून स्वभाव कळत नाही. २००२ मध्ये मेक्सिको सिटीच्या तीन भागांतली धूळ पेशींवर घालून पाहिली, तेव्हा एकाच शहरातल्या या तीन धुळींचे परिणाम सारखे आले नाहीत. कारखान्यांची धूळ, रस्त्याची धूळ, ओसाड मैदानाची धूळ, तराजूला सगळी सारखीच, पेशीला नाही.

माझी आजी चाळीस वर्षं चुलीपुढे बसली. विडी-सिगारेटचा प्रश्नच नाही, तरी हिवाळ्यात तिला रात्री उशीला टेकून बसूनच झोपावं लागायचं. घरात सगळे म्हणायचे, म्हातारपण. इंग्लंडच्या लेस्टर शहरात २००६ मध्ये निरोगी मुलांच्या कफातले मॅक्रोफेज सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून प्रत्येक पेशीच्या पोटातल्या काळ्या कार्बनचं क्षेत्रफळ मोजलं गेलं. ज्यांच्या पेशी जास्त काळ्या, त्यांच्या फुप्फुसांची ताकद कमी. (या शोधनिबंधावरचं पहिलं आडनाव कुलकर्णी आहे, उगाच बरं वाटलं.) हे वाचल्यावर मला आजीच्या पेशी कशा दिसल्या असत्या, तेच डोळ्यांपुढे येत राहिलं.

बशीवर फार भरवसाही ठेवू नये. फुप्फुसात पेशीच्या एका बाजूला हवा असते, बशीत ती द्रवात बुडालेली. धूळ आधी त्या द्रवातली प्रथिनं अंगाला लावून घेते, मग पेशीपर्यंत पोचते, म्हणजे ती तीच धूळ राहत नाही. शिवाय बशीतल्या अनेक पेशी कर्करोगाच्या गाठींतून आलेल्या, कारण त्याच न थकता वाढतात. आणि २४ तासांचा प्रयोग चाळीस वर्षांच्या चुलीबद्दल किती सांगणार? आता पेशींना बारीक छिद्रांच्या पडद्यावर वाढवतात, खालून पोषण आणि वरून खरी हवा. अस्तराच्या पेशी आणि मॅक्रोफेज शेजारी शेजारी ठेवतात, कारण एकटी पेशी जे करते ते शेजारणीबरोबर करतेच असं नाही. माणसांचंही तसंच असतं.

मेचनिकॉव्हला स्वतःला राखणदाराची ही दुसरी बाजू दिसली होती. उतारवयात त्याने मांडलं, की म्हातारपणी मॅक्रोफेज आपल्याच शरीराला कुरतडू लागतात, केसांतला रंगही तेच खातात. केसांचं काही खरं निघालं नाही. त्याचं मूळ तो मोठ्या आतड्यातल्या कुजण्यात शोधत होता आणि उपाय म्हणून रोज आंबवलेलं दूध प्यायचा. सगळ्या युरोपात त्यामुळे दह्याची लाट आली. आपल्याकडे जेवणानंतर ताक पिणाऱ्या कोणालाही नोबेल मिळालेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

पहिल्या महायुद्धात त्याची प्रयोगशाळा ओस पडली, तरुण सहकारी आघाडीवर गेले. दोनदा मरणाकडे स्वतःहून गेलेला हा माणूस आता प्रत्येक वर्ष मोजून जगत होता. हृदय थकलं तेव्हा रोजची लक्षणं तो प्रयोगवहीत लिहावीत तशी टिपून ठेवायचा. शेवटच्या दिवशी त्याने आपला सहकारी डॉक्टर सालिंबेनी याला बजावलं, की मी गेल्यावर माझी आतडी नीट तपास. १५ जुलै १९१६ ला तो गेला, वय ७१. रक्षेचा कलश पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवला आहे.